आतल्या बाजूचा टाका

आमच्या लॉन्ड्रीत कपड्यांना खुणा नव्हत्या. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

इतर लॉन्ड्र्यांत कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईने आकडा घालतात. आमची ही त्याला कधी तयार झाली नाही. गुराच्या पाठीवर डाग देतात तसा माणसाच्या शर्टाला कशाला द्यायचा, असं तिचं म्हणणं. आणि तिला गरजही नव्हती. कपडा हातात आला की तो कुणाचा हे तिला कळे. विचार करून नाही, हातालाच कळे. छातीवर बारीक जळके ठिपके असले की वेल्डर. उजवी बाही कोपरापाशी विरली की दिवसभर टेबलावर कोपर टेकून बसणारा घड्याळवाला. खिशाच्या तळाशी खडूची भुकटी असली की शेजारची मास्तरीण. एकाच दुकानातले, एकाच मापाचे दोन पांढरे शर्ट तिच्यापुढे टाका. एकदा चाचपून ती दोन कप्प्यांत ठेवून मोकळी.

चेहरे मात्र तिच्या लक्षात राहत नसत. घड्याळवाला एकदा भावाचा स्वेटर घालून आला, तर हिने त्याला विचारलं, आपण कोण? तो पुढे वीस वर्षं दारातून आत येताना छाती पुढे काढून म्हणायचा, "मावशी, शर्ट बघा आणि ओळखा."

कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. इस्त्री माझी, बाकी सगळं तिचं. पुढची खोली दहा बाय बारा. त्यात माझं टेबल, काउंटर आणि फळ्यांचे अठ्ठेचाळीस कप्पे. मागच्या खोलीत तीन टब आणि मोरी, त्यामागे उघड्यावर आठ दोऱ्या. चांगल्या शर्टाला मला चार मिनिटं लागत. आधी कॉलर, आतून मग बाहेरून, मग खांदा, मनगटपट्ट्या, बाह्या, शेवटी अंग. तीन मिनिटांत करणारे असतात, त्यांच्या कॉलरी बघाव्यात. शर्ट कुणाचा आहे हे मी कधी बघितलं नाही. "तुम्ही कापड सरळ करा, माणसं मी बघते," असं ती म्हणे, आणि तेहेतीस वर्षं तसंच चाललं. तेवढ्या काळात तिच्या हातून चुकीचा कपडा दोनदा गेला. दोन्ही वेळा तिनेच सांगितलं, आणि नंतर दरवर्षी एकदा तरी परत सांगायची, मी विसरू नये म्हणून.

एकसष्टाव्या वर्षी तिला नागीण उठली. डाव्या बाजूला, पाठीच्या कण्यापासून छातीखालपर्यंत पट्टा. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातं, असं कोणीतरी तिला सांगून गेलं होतं. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, ती अर्ध्यावरच थांबते, काळजी नको. फोड तीन आठवड्यांत वाळले. खपल्या पडल्या. दुखणं राहिलं.

माझ्या दोन्ही मनगटांवर इस्त्रीचे डाग आहेत, भाजणं मला कळतं. पण तिला न भाजता भाजत होतं. कापड अंगाला लागलं की आग. जाड असो, मऊ असो, कुठलंही. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे हाताळलेल्या बाईला स्वतःच्या अंगावर कपडा सहन होईना. मागच्या खोलीत दार लावून, भिंतीकडे तोंड करून, चादर दोन हातांनी अंगापासून वीतभर पुढे धरून ती स्टुलावर बसायची. मी माझा एक जुना सुती शर्ट घेतला आणि तो दिवसातून दोनदा धुवायला लागलो. खळ नाही, नीळ नाही, आपटणं नाही. नुसता हाताने चोळून. चाळीस धुण्यांनंतर त्याच्यातून पलीकडचा हात दिसायला लागला. तो तिने अंगात घातला, दहापर्यंत आकडे मोजले आणि काढला. "छान झालाय," म्हणाली.

मग डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. त्यांनी समजावून सांगितलं की कातडी बरी झाली, बिघडलीय ती आतली नस. वायरवरचं रबर जळावं तशी. गोळी नस शांत करते, पण डोकंही थोडं शांत करते. झोप येईल, तोल जाईल, कुणाकुणाला शब्द सापडत नाहीत, विसरायला होतं. तसं झालं तर लगेच या, प्रमाण कमी-जास्त करून बघू. आणि एकदम बंद करायची नाही. उतरवत उतरवत बंद करायची. हिने विचारलं, किती विसरायला होतं? त्या म्हणाल्या, ते माणसागणिक असतं. हे उत्तर हिला आवडलं नाही. जे मोजता येत नाही ते सांगायचं तरी कशाला, असं घरी येताना म्हणाली.

प्रमाण दिवसाला तीन गोळ्यांवर गेलं आणि नवव्या दिवशी ती अंगभर कपडे घालून पुढच्या खोलीत आली. मी इस्त्री हातात धरून बघत राहिलो. "काय बघताय, कॉलर जळेल," ती म्हणाली. खरोखरच जळाली. तेहेतीस वर्षांत माझ्या हातून जळालेली ती चौथी कॉलर, आणि तिचं वाईट वाटलं नाही.

आधी शब्द जायला लागले. दोरीवर कपडा अडकवायचा चिमटा, हा शब्द तिला सापडेना. "ते चावणारं द्या," म्हणाली. आम्ही हसलो. इस्त्रीला ती 'तुमची ती' म्हणू लागली, तर मास्तरीण म्हणाली, काका, काकूंना तुमच्या तिचा पत्ता लागला वाटतं. तेव्हाही हसलो. चिमट्याला आमच्या घरात अजून चावणारंच म्हणतात.

मग कपडे. एका दुपारी मास्तरीण आली, ही मागे आहे हे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली की तिच्या नवऱ्याचा म्हणून गठ्ठ्यात आलेला शर्ट वेल्डरचा होता. तिने तो परस्पर वेल्डरला देऊन आपला घेतलाही होता. असं तिसऱ्यांदा होत होतं, हे मला तेव्हा कळलं. गल्लीतले लोक आपापसांत कपडे बदलून घेत होते आणि हिच्यासमोर कोणी चकार शब्द काढत नव्हतं. "काकूंना नका सांगू," मास्तरीण म्हणाली.

एकूण अकरा चुका माझ्या कानावर आल्या. हिला एकही कळली नाही. सांगितलं असतं तर तिने गोळी सोडली असती. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशी बाई. आणि स्टुलावर बसलेली ती मी पाहिली होती. म्हणून मी खुणा घालायचं ठरवलं.

दुपारची गोळी घेतली की ती तास-दीड तास झोपायची. तेवढ्या वेळात मी बसायचो. शाई वापरली नाही, शाई तिने वासावरून ओळखली असती. सुई-दोरा. पांढऱ्यावर पांढरा, खाकीवर खाकी. जागा एकच: खालच्या दुमडीत, आतल्या बाजूला, डाव्या शिवणीपासून दोन बोटं. एक आडवा टाका म्हणजे घड्याळवाला, दोन आडवे म्हणजे मास्तरणीचं घर, एक उभा म्हणजे वेल्डर. अशी एकेचाळीस घरं. कागदावर काही लिहिलं नाही, पाठ केलं. माझी नजर तेव्हाच साठीपलीकडची, नेढ्यातून दोरा जायला चार-पाच वेळा हुकायचा. पण टाका सरळच घातला. वाकडा टाका तिच्या बोटाला लागला असता.

कपडा आला की तो टबात जायच्या आत खूण. संध्याकाळी ती कप्पे लावून आत गेली की खुणा बघायच्या आणि चुकलेले कपडे जागच्या जागी ठेवायचे. गल्ली म्हणायला लागली, काकू पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या. तिलाही तसंच वाटत होतं. डॉक्टरीणबाईंना तिने जाऊन सांगितलं, शब्द जरा अडतात, बाकी विसरायला काही होत नाही. मी शेजारच्या खुर्चीवर तोंडात मूग धरून बसलो होतो.

आता बसच्या ड्रायव्हरची बायको. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याचा कामावरचा खाकी शर्ट ती दर महिन्याला धुवायला आणायची. मळलेला नसायचा, कपाटात टांगून ठेवलेलाच असायचा. ही तो एकटा, वेगळा धुवायची आणि माझ्या टेबलावर ठेवताना म्हणायची, बाह्यांची घडी नीट घाला. मी टाके घालायला लागल्यापासून तो पहिल्यांदाच आला, आणि त्याच महिन्यात त्याच डेपोत नव्याने लागलेल्या एका ड्रायव्हरचाही खाकी शर्ट आला. दोन्ही डेपोतूनच मिळालेले, एकाच कापडाचे. अंगात बोटभर फरक. आणि त्या दिवशी ही दुपारी झोपलीच नाही. मी खूण घालायच्या आत दोन्ही शर्ट धुऊन दोरीवर गेले.

मी ते काढले तेव्हा कुठला कुणाचा हे मला माहीत नव्हतं. तिला विचारता आलं असतं. पण तेहेतीस वर्षांत जे विचारलं नाही ते आज का विचारताय, असं तिने म्हटलं असतं. मी आठवून पाहिलं. गेलेला ड्रायव्हर अंगाने भरलेला होता असं मला आठवलं. म्हणून मोठ्या शर्टाला त्याची खूण घातली, लहानाला नव्याची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर हिने लहान शर्ट बाईच्या कप्प्यात ठेवलेला. मनात म्हटलं, चुकली. आणि शर्ट बदलले.

गेलेला ड्रायव्हर सडपातळ होता. भरलेला होता तो दुसराच कोणी, दुसऱ्या मार्गावरचा. माझ्या डोक्यात कुठलीच गोळी नव्हती.

त्या लहान शर्टाच्या डाव्या कोपराला रफू होता, जरा गडद दोऱ्याचा. माझी इस्त्री दर महिन्याला त्यावरून जात होती. मी तो पाहिलेला नव्हता.

चार दिवसांनी सकाळी बाई आली. आम्ही दोघंही पुढच्या खोलीत होतो. ती रागावलेली नव्हती. गठ्ठा काउंटरवर ठेवून तिने सांगितलं की ती बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसली होती, आणि त्याने गिअर बदलताना तिला त्याच्या कोपरावर स्वतः केलेला रफू दिसला. तिला जिथे उतरायचं होतं तिथे ती उतरली नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत तशीच बसून राहिली.

"ताई, त्याला तो घट्ट होतो," एवढंच ती हिला म्हणाली.

हिने गठ्ठा उघडला. मोठा शर्ट काढून कोपर चाचपलं. दुसरं कोपर चाचपलं. मग तिथेच हात ठेवून उभी राहिली. माझ्या हातून झालं, म्हणाली. बाई नाही नाही म्हणत राहिली, ही म्हणाली, माझ्याच हातून झालं. मी टेबलापाशी होतो, तीन हातांवर. मी बोललो नाही.

त्या दुपारी तिने गोळी घेतली नाही. गोळ्यांची पाकिटं डब्यात घालून डबा सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला. एकदम सोडायची नाही असं सांगितलंय, मी म्हटलं.

"दुखणं मी सहन करीन," ती म्हणाली. "एका बाईचा नवरा दुसऱ्याच्या अंगावर चढवून दिला, ते सहन होत नाही मला."

दुसऱ्या दिवशी घाम, थरथर. जेवण नाही. तिसऱ्या दिवशी आग आली, आधीपेक्षा जास्त. परत स्टूल, परत चादर. लांब राहणारी आमची लेक फोनवर रडली. म्हणाली, आई, शर्टच बदलला ना, माणूस तर नाही ना मेलं कुणी? ही म्हणाली, मेलंय, म्हणून तर.

पाच दिवस मी गप्प होतो. सांगितलं तर नुसतं त्या एका शर्टाचं सांगून भागणार नव्हतं. टाके सांगावे लागले असते, अकरा चुका सांगाव्या लागल्या असत्या, गल्लीने आपापसांत केलेली अदलाबदल सांगावी लागली असती. म्हणजे तिचं म्हणून जे होतं ते सगळंच काढून घ्यायचं. न सांगावं तर माझ्या चुकीसाठी ती जळत होती. इकडे आड तिकडे विहीर असं म्हणता येईल, पण खरं लिहायचं तर त्यात माझी स्वतःची लाजही होती. पाच दिवस मी शर्ट इस्त्री केले. कॉलरी चांगल्या झाल्या नाहीत.

सहाव्या दिवशी सकाळी नवीन ड्रायव्हर तो लहान शर्ट परत करून गेला. धुऊन आकसला असेल असं समजून त्याने घातला होता, असं बिचारा सांगत होता. हिने तो मागच्या खोलीत मागवून घेतला. तिलाच धुवायचा होता. स्टूल टबाशी ओढून बसली. एका हाताने चादर अंगापासून लांब धरलेली, दुसरा हात पाण्यात. शर्टाची खालची कड चोळता चोळता तिचा हात थांबला. अंगठ्याने तीच जागा तिने पुन्हा चाचपली. पाठ माझ्याकडे होती.

"हा टाका कुणाचा?"

कारखान्यातला असेल, असं म्हणता आलं असतं.

"माझा," मी म्हटलं.

"याच्यातच आहे?"

"सगळ्यांत आहे. एकेचाळीस घरांच्या."

मग मी सगळं सांगितलं. मास्तरणीपासून सुरुवात केली आणि दोरीवरच्या दोन शर्टांपर्यंत आलो.  मी थांबल्यावर तिने विचारलं, मी किती चुकले? अकरा, मी म्हटलं, दाराबाहेर गेलेल्या, मला कळल्या तेवढ्या. आणि तुम्ही? हा एक.

"तुम्हाला कळला तेवढा," ती म्हणाली.

गल्लीत सगळ्यांना माहीत होतं का, हे तिने विचारलं. हो म्हटलं. तिने शर्ट दोन पाण्यांतून काढला. पिळायला दोन हात लागतात. तिने चादर सोडली आणि दोन्ही हातांनी पिळला. चादर पाठीवर आडवी पडली तेव्हा तिचे खांदे वर गेले, पण पीळ तिने अर्धवट सोडला नाही.

"मी बरोबर कप्प्यात ठेवला होता ना हा?"

"हो."

"गोळी घेऊन."

"हो, गोळी घेऊन."

तिने पिळलेला शर्ट टबाच्या काठावर ठेवला. मग म्हणाली, डबा काढा वरून. आणि कप्पे आता तुम्हीच लावा. अकरा म्हणजे फार झाल्या.

डॉक्टरीणबाईंकडे आम्ही त्याच दिवशी गेलो आणि या वेळी खरं सांगितलं. त्या हिच्यावर रागावल्या, मग माझ्यावर जास्त रागावल्या. वेळीच कळलं असतं तर प्रमाण बदलून बघता आलं असतं, दुसरी गोळीही बघता आली असती. बरोबर होतं त्यांचं. त्यांनी पुन्हा थोड्यापासून सुरुवात केली. दुसरी गोळी बघितली, तिने तोंड कोरडं पडायचं आणि आग तशीच राहायची. पहिलीवर परत आलो. दोन गोळ्यांवर दुखणंही निम्मं आणि डोकंही निम्मं. अर्धवट धुतलेल्या कपड्यासारखं, ती म्हणाली, ना घालता येत ना टाकता येत. महिनाभर तिने दोन्ही बाजू नीट बघितल्या. मग तीन गोळ्या ठरवल्या. निर्णय तिचा होता. मी या वेळी काही लपवलं नाही आणि काही सुचवलंही नाही.

ड्रायव्हरच्या बायकोकडे मी स्वतः गेलो, चूक माझी होती हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात शर्ट घेऊन आली, पण माझ्याकडे दिला नाही. काउंटरच्या कडेने आत गेली आणि खुर्चीत बसलेल्या हिच्या मांडीवर ठेवला. त्या शर्टाचा टाका मी काढून टाकला होता.

दुकान त्यानंतर सव्वा वर्ष चाललं. कप्पे मी लावत होतो, देवघेव मी करत होतो. एकही कपडा चुकला नाही. खुणा बघून कोणीही देईल. घड्याळवाला आत येताना छाती पुढे काढायचा आणि ही हसायची, पण 'ओळखा' म्हणायचं त्याने बंद केलं होतं. पुढे माझ्या खांद्याने दगा दिला, इस्त्री उचलेना, तेव्हा आम्ही फळ्या काढल्या.

आता मागे एकाच दोरीवर कपडे असतात, आमचे दोघांचे. ते वाळले की ही घड्या घालते. मागच्या महिन्यात मी पाहिलं, माझा शर्ट हातात घेऊन ती बराच वेळ बसली होती. बोटांनी कॉलर बघितली, कोपर बघितलं, खिसा बघितला. मग घडी घातली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सुई-दोऱ्याचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. म्हणाली, तुमच्या शर्टांनाही घाला. मी म्हटलं, घरात माणसं दोन, त्यातला शर्टवाला एक. दुसऱ्या कुणाचा असणार?

"ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण हातात घेतल्यावर कळत नाही. विचार करावा लागतो."

मी दोरा ओवायला घेतला. तीनदा हुकला. तिने सुई माझ्या हातातून घेतली, एकदाच ओवली आणि परत दिली. खूण कुठली घालू, मी विचारलं. आडव्या-उभ्या सगळ्या वापरून झाल्या होत्या. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, एकावर एक घाला, आडवा आणि उभा. तशी कुणाची नाही.

खालच्या दुमडीत, डाव्या शिवणीपासून दोन बोटांवर, मी घातला. एकूण सहा शर्ट होते. प्रत्येकावर तिने अंगठा फिरवून बघितला आणि मगच पुढचा दिला.